गांझी येते तशी जाते

शनिवार, ६ ऑक्टोबर. दुपार.

आजपासून रोजनिशी. कारण एकच. माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, आणि नोंद ठेवलेली बरी. कोण शिजवतंय ते अजून कळलेलं नाही. कळेल. आयुष्य शाळेत मास्तरकी करण्यात गेलं, मागच्या बाकावरची कुजबुज मला पाठमोरा असतानाही ऐकू येते.

आज रेडिओवर माझा 'शब्दाचं घर' कार्यक्रम झाला. उत्तम झाला. (दर शनिवारी होतो, दर शनिवारी उत्तम होतो.) उठताना केंद्रप्रमुख म्हणाला, मास्तर, पुढच्या वेळी 'गांझी' घ्या, एका श्रोतीची फर्माइश आहे. मी म्हटलं, गांझीत काय सांगायचं? हातपाय बधिर होतात ती गांझी. आमच्या पांगानीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तर म्हणाला, घ्याच. आणि माझ्या पायाकडे बघितलं. डाव्या.

आता माझा डावा पाय ईदपासून जरासा बधिर आहे, हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नाही. मग याने बघितलं का? आणि डावाच का? पाणी मुरतंय.

(पाय बधिर होण्याचं कारण विद्वत्ता. माणूस तासन् तास बसून वाचतो, पाय दबतो. अडाण्यांना हे दुखणं नाही.)

संकल्प : गांझीवर असं टिपण लिहायचं की दार-एस-सलामचे कोशवाले दारात उभे राहतील. मंगळवारपर्यंत पूर्ण. हलवा बंद. कॉफी दिवसाला एकच पेला.

संध्याकाळ. हलवा खाल्ला. आधीच आणलेला होता, टाकून द्यायचा का?

रविवार, ७ ऑक्टोबर.

टिपण, पहिला मसुदा : 'गांझी म्हणजे अवयव दबल्यामुळे त्यातली जाणीव काही वेळ जाणे. पाय झटकावा, मुंग्या येतात, पाय पूर्ववत होतो.' काय पण वाक्य आहे!

मग सहज पाय झटकून पाहिला. मुंग्या आल्या नाहीत. 'मुंग्या येतात' खोडलं. प्रत्येकाला यायलाच हव्यात असा काही कायदा नाही.

पायाची टेस्टही घेतली. अंगठ्याला चिमटा काढला. लागला नाही. कारण उघड आहे, स्वतःला चिमटा काढताना माणूस हात राखूनच काढतो.

बायको दारातून बघत होती. काय बघतेस रिझिकी, म्हटलं. म्हणाली, जोहाचे बाबा, एकदा दवाखान्यात जाऊन या ना, तुमच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं आणि शेवटी गुडघ्यापासून कापावा लागला. मी म्हटलं, त्याला शुगर होती. मला शुगर नाही. म्हणाली, तपासलीत का? नाही तपासली. तपासली असती म्हणजे निघाली असती! ही बाई लॉजिकमध्ये कच्ची.

चहात साखर कमी वाटली. विचारलं. टाकली की, म्हणाली, पण बोलताना चुलीकडे तोंड होतं. लक्ष ठेवायला हवं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर.

टिपण झालं नाही. ओट्यावर बाओचा डाव रंगला होता, उठलो असतो तर मिहांबो जिंकल्याची दवंडी पिटत गावभर फिरला असता. बाओच्या पाटावर हा माणूस बिया मुठीत दडवून खेळतो. रिटायर्ड पोस्टमास्तर आहे. न्यामवेझी. मी झिगुआ. आमच्या दोन जमातींचं थट्टेचं नातं पणजोबांपासूनचं. त्याने मला वाट्टेल ते म्हणावं, मी त्याला वाट्टेल ते म्हणावं, अगदी मयताच्या घरीसुद्धा. रागावेल तो मूर्ख.

आज त्याने माझा डावा पाय उचलून बाजूला ठेवला. मी खेळात होतो, लक्ष गेलं नाही. झालं. लागला बोंबलायला, अरे या रे सगळे, मास्तरचा डावा पाय वारला! उजवा बिचारा विधुर झाला! दफन कधी, पुलाव कोण घालणार? कॉफीवाल्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून त्याने पायावर कफन पांघरलं आणि छाती बडवून रडू लागला. ओटा हसून लोळला. मीही हसलो आणि तडक सुनावलं, तुझ्या आज्याने आमच्या आज्याच्या पेट्या डोक्यावरून वाहिल्या, म्हणून तुमच्या घराण्यात डोकी चपटी आणि आतून रिकामी. टाळ्या मला पडल्या.

जाताना मात्र म्हणाला, ए मास्तर, पण खरंच सांगतो, बोटं काळवंडलीत रे, दाखव कुणाला तरी. वा रे वा! थट्टेतल्या माणसाचं बोलणं खरं धरायचं तर नातं कशाला? हा 'घर पेटलंय' म्हणाला तर मी आधी जेवण संपवीन.

हलवा बंदच आहे. आज खाल्ला तो मिहांबो हरला म्हणून. जवळजवळ हरला होता.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर. तातडीची नोंद.

चोरी! भरदिवसा!

जुम्म्याची नमाज आटोपून मशिदीबाहेर दोन्ही चपला पायात घातल्या. दोन्ही. मला स्पष्ट आठवतंय, कारण खाली वाकून बघितलं होतं. (हल्ली बघूनच घालतो. सावधपणा.) बाजारातून, मासळीच्या कट्ट्यावरून घरी आलो. उंबऱ्यात रिझिकी म्हणाली, डावी चप्पल कुठाय? बघतो तर पाय अनवाणी. म्हणजे वाटेत, चालता चालता, पायातून चप्पल काढून नेली! आणि इतक्या सफाईने की मला पत्ता लागला नाही. चोर साधासुधा नाही.

रिझिकी नुसती खाली बसली आणि तळव्यातला काचेचा तुकडा काढला. चोराने तोही मुद्दाम टाकला असणार, पाठलाग होऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने मासळीवाल्याने चप्पल आणून दिली. म्हणे कट्ट्यापुढे रस्त्याच्या मधोमध पडली होती, हाका मारल्या तर तुम्ही वळलाच नाहीत. चोराच्या मनात चांदणं! घाबरून टाकून पळाला. मिहांबोवर संशय आहे. पण तो माझ्या पुढे चालत होता, ही एक अडचण आहे.

शनिवार, १३ ऑक्टोबर.

आजच्यासारखा कार्यक्रम झाला नाही आणि होणार नाही. टिपण पूर्ण नव्हतं, पण मला टिपणाची गरज काय?

मी सांगितलं, गांझीचा वापर किती तऱ्हांनी होतो बघा. कच्चा आंबा मीठमिरची लावून खाल्ला की दात आंबतात, ती गांझी. (माईकसमोर आंबा खाऊन दाखवला. पुढची दोन वाक्यं जरा बोबडी झाली.) दात उपटताना सुई टोचतात, ती गांझीची सुई. वाईट बातमी ऐकून माणूस बसल्या जागी दगड होतो, तीही गांझीच. आणि या सगळ्यांतलं सूत्र एकच, जे आजवर एकाही कोशात आलेलं नाही. गांझी येते तशी जाते. जी जात नाही ती गांझीच नव्हे, ते सोंग!

मग फोन आला. श्रोती बाई होती, आवाज सर्दी झाल्यासारखा, नाकात बोलणारा. म्हणाली, मास्तर, आमच्या घरातल्या एका वडीलमाणसाच्या पायाला महिनोन् महिने गांझी आहे. काच रुतली तरी कळत नाही. काल मशिदीतून येताना एक चप्पल वाटेत पडली तीही कळली नाही. दवाखान्याचं नाव काढलं की भांडतात. काय करावं?

म्हणजे काल आणखी एका घरी चोरी झाली! टोळी आहे टोळी. पण रेडिओवर घबराट पसरवणं बरं नव्हे म्हणून ते पोटात ठेवलं आणि खणखणीत उत्तर दिलं. बाई, असल्या हेकट म्हाताऱ्याला विचारत काय बसता? चार माणसं बोलवा, उचला आणि दवाखान्यात नेऊन टाका. ओरडला तर ओरडू द्या. तो मूर्ख आहे.

बाई म्हणाली, आभारी आहे, सगळ्या गावाने ऐकलंय. आणि फोन ठेवला. 'सगळ्या गावाने ऐकलंय' हे काय मध्येच? विचित्र बाई.

घरी आलो तर रिझिकीने माझ्या आवडीचा नारळाच्या रसातला मासा केला होता. एवढी माया अचानक? संशय वाढला.

मंगळवार, १६ ऑक्टोबर.

मुद्द्याचं तेवढं लिहितो.

ओट्यावर बसलो होतो. बाओत मी वरचढ होतो. मध्येच करपल्याचा वास आला. मी म्हटलं, कुणाच्या घरी मांस करपतंय रे, बाईचं चुलीकडे लक्ष दिसत नाही. सगळे वास घेऊ लागले. कॉफीवाला अचानक किंचाळला. माझी डावी टाच त्याच्या शेगडीला टेकली होती.

शेगडी तिथे कुणी सरकवली? हा पहिला प्रश्न. कॉफीवाला म्हणतो, रोज तिथेच असते. सगळे म्हणतात, रोज तिथेच असते. सगळ्यांनी मिळून एकच जबानी दिली म्हणजे ती आधी ठरवलेली असणार.

पण खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. मिहांबो हसला नाही.

मी वाट बघत होतो. 'मास्तरचे कबाब झाले' असं काहीतरी येणार, माझं उत्तरही तयार होतं. तो खाली बसला, टाचेवर पाणी ओतलं, आपल्या डोक्याची शुभ्र टोपी काढून तिच्यात पाय धरला. वर बघून म्हणाला, मास्तर, सांभाळा हो. तुम्ही आता घरी चला.

सांभाळा. तुम्ही. चला. साठ वर्षांत या माणसाने मला अहो म्हटलेलं नाही. माझ्या बापाच्या मयताला आला तेव्हा जनाज्यापाशी उभा राहून म्हणाला होता, मेल्या, आता तरी नीट अंघोळ करत जा. मी रडता रडता हसलो होतो. आणि आज अहो!

घरी येऊन कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. कट खूप वरपर्यंत गेलाय.

बुधवार, १७ ऑक्टोबर.

मिहांबो सकाळीच आला. बघू म्हटलं, याला बोलतं करतो. त्याचं डोकं, त्याची पोस्टातली गहाळ पत्रं, त्याच्या आजीचं नाक, काही शिल्लक ठेवलं नाही. एरवी एवढ्यावर त्याने माझे सात पूर्वज काढले असते. म्हणाला, बरं मास्तर. पाय वर ठेवा.

मग परसात गेला आणि रिझिकीशी हळू आवाजात बोलत राहिला. मी खोकलो. दोघं गप्प. रिझिकीने डोळे पुसले. म्हणाली, कांदा. हातात कांदा नव्हता.

टिपणात सुधारणा : 'गांझी येते तशी जाते. कधी कधी जायला वेळ लावते.' वाक्य पहिल्याएवढं डौलदार नाही, पण खऱ्या विद्वानाने लवचिक असावं.

टाचेला वास येतोय. पट्टी ओलसर असते म्हणून.

गुरुवार, १८ ऑक्टोबर.

टांगा शहरातून जोहा आली. न कळवता. आमची मुलगी तिथे नर्स आहे, सुट्टी मिळत नाही मिळत नाही म्हणून ईदलाही आली नव्हती. आज बरी मिळाली! बाबा, कसे आहात, म्हणाली. नाकात. सर्दी झाली होती. कधीपासून, विचारलं. गेल्या आठवड्यापासून.

मी हा आवाज कुठेतरी ऐकलाय. कुठे, ते आठवत नाही. आठवायचा फार प्रयत्नही केला नाही.

ती पट्टी सोडू लागली तेव्हा मी पाय आखडून घेतला. घेतला असं मला वाटलं. बघतो तर पाय तिच्याच मांडीवर होता. तिने टाच बघितली, बोटं बघितली आणि आईकडे बघितलं. दोघींनी मान हलवली, अगदी थोडी. मी ओरडलो, माझ्या घरात माझ्यासमोर खुणा? जोहा म्हणाली, बाबा, आज चला, आत्ता चला. मी म्हटलं, रेडिओ झाल्याशिवाय मी कुठेही येणार नाही, शनिवारी श्रोते वाट बघतात. म्हणाली, शनिवारपर्यंत उशीर होईल. कशाला उशीर होईल ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

कट समजला. मला हटवून कार्यक्रम मिहांबोला द्यायचा. म्हणून अहोजाहोची प्रॅक्टिस चाललीय. रेडिओवर सभ्य बोलावं लागतं.

संकल्प : कुणाशीही बोलायचं नाही. कुणाच्या हातचं खायचं नाही. शनिवारी स्टुडिओत पोचायचं म्हणजे पोचायचं.

रात्रीचं जेवण रिझिकीच्याच हातचं खाल्लं. भूक लागली होती.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर.

ताप. हवा बदललीय. आज मशिदीत गेलो नाही, चपलांची टोळी अजून मोकळी आहे.

रिझिकी उशाशी बसून होती. म्हणाली, जोहाचे बाबा, मला एकटीला भीती वाटते हो. मी म्हटलं, कशाची? तिने माझ्या पायावर चादर ओढली. मी भिंतीकडे तोंड केलं. तिची भीती खरी असेल तर मलाही वाटायला लागेल, आणि उद्या कार्यक्रम आहे.

शनिवार, २० ऑक्टोबर. दवाखान्यातून.

जोहाच्या पेनने लिहितोय.

सकाळी काठी घेऊन निघालो. बाजाराच्या तोंडाशी मिहांबो उभा. सोबत होडीवरचे तीन दांडगे गडी आणि एक रिक्षा. मी वळेपर्यंत चौघांनी मला उचललं. मी जीव खाऊन ओरडलो, वाचवा, पळवून नेताहेत, कट आहे! आणि अख्खा बाजार हसायला लागला. पांगानीला माहीत आहे की हा न्यामवेझी आणि हा झिगुआ. थट्टा चाललीय, करू दे. बायकांनी टाळ्या पिटल्या. मासळीवाला ओरडला, मिहांबो, याला खाडीत टाक! माझ्या माणसांनी, माझ्या विद्यार्थ्यांनी, टाळ्या पिटल्या. एकही जण पुढे झाला नाही.

मी म्हटलं, मिहांबो, हरामखोरा, कुणाच्या हुकमाने? म्हणाला, तुमच्याच. चार माणसं बोलवा, उचला, ओरडला तर ओरडू द्या. गेल्या शनिवारी सगळ्या गावाने ऐकलंय.

हात दाखवून अवलक्षण.

रिक्षात रिझिकी आणि जोहा आधीच बसलेल्या. मिहांबो पायाशी उकिडवा बसला आणि टाच खड्ड्यांत आपटू नये म्हणून सगळ्या रस्त्यात तळहातांवर तोलून धरली. मी त्याला शिव्या देत होतो. एका शिवीला तरी उत्तर दे रे, असं वाटत होतं. नाही दिलं.

डॉक्टरीण जोहाच्याच वयाची. शुगर तपासली. आकडा बघून तिने यंत्र बदललं आणि पुन्हा तपासली. मग म्हणाली, काका, डोळे मिटा, पायाला टोचलं की 'आता' म्हणा. मी ठरवलं, इथे हरायचं नाही. टोचणाऱ्याची एक लय असते, ती पकडली की झालं. डोळे मिटले. म्हटलं, आता. जरा थांबून, आता. मग लागोपाठ दोनदा, आता, आता. मध्ये एकदा 'स्स' केलं, खरं वाटावं म्हणून.

निकाल काय लागला ते बघायला डोळे उघडले. डॉक्टरीण कपाटापाशी पाठमोरी उभी होती, सुईचं पाकीट अजून फोडत होती.

कुणी हसलं नाही. मिहांबोसुद्धा. तो खिडकीबाहेर बघत होता.

ती म्हणाली, पुन्हा करू या, काका. दोन बोटं गेलीत, पाय वाचतो का ते बघायचंय, आता खरं सांगा. मी म्हटलं, सांगतो. पुन्हा डोळे मिटले आणि या वेळी अगदी प्रामाणिकपणे वाट बघितली. लक्ष सगळं त्या पायात घातलं. काही नाही. आणखी थांबलो. शेवटी म्हटलं, अहो डॉक्टर, करा की सुरू.

ती हळूच म्हणाली, झालं काका, संपलं.

डोळे उघडले. रिझिकीने माझा तो पाय दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता. तिची बोटं पांढरी पडली होती, आणि गालावरून ओघळलेलं पाणी माझ्या बोटांवर टपटप पडत होतं.

मी विचारलं, कधीपासून धरलायस गं?

म्हणाली, मघापासून.